सफारीची डिकी, खालचा गंज आणि ऑगस्टची तारीख: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी: टाटा सफारी डायकॉर, २.२ लिटर डिझेल, फोर बाय फोर. नोंदणी ऑगस्ट २०१०, एमएच-०३. येत्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं भरतात, म्हणजे वडाळ्याच्या आरटीओत पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर. नवऱ्याचं म्हणणं, विकून टाकू. बाबांचं म्हणणं, आधी खाली आडवं होऊन बघा, मग काय ते बोला. बाबा बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून निवृत्त झाले. कुठल्याही गाडीबद्दलचं मत ते तिच्या खालून बाहेर आल्यावरच देतात.

न विकण्याचं माझं कारण सासरचं घर. गुहागर तालुक्यात, डांबर संपल्यावर वाडीपर्यंतची वाट जांभ्याची. मध्ये पऱ्या (छोटा ओढा), पलीकडे लगेच चढ. पावसाळ्यात तिथे लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा फोर बाय फोरचा गिअर, लागतेच. लो रेंजवाली नवी गाडी मिळते, पण ज्या किमतीला मिळते ती आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

डिकीचं काम वेगळं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, गणपतीत माणसं जास्त आणि सामान त्याहून जास्त, आणि आता सासूबाईंची घडीची व्हीलचेअर. सध्या आमची डिकी म्हणजे संध्याकाळची विरार लोकल: ज्याला जशी जागा मिळेल तसं तो चढतो, आणि ब्रेक लागला की सगळे पुढे.

आज फक्त ठरवाठरवी. आरसीवर सात सीट आहेत, त्या सातच राहणार. मागच्या समोरासमोरच्या दोन घडीच्या सीट काढून टाकल्या तर जागा भरपूर होते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते आणखी घट्ट केलं आहे. पुनर्नोंदणीच्या वर्षात असली हौस परवडणारी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बुलबारविरुद्ध (बंपरपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध) केंद्राचा आदेश आला तेव्हा आमचाही उतरवला होता. एकूण काय, चॅसिला वेल्डिंग नाही, बॉडीला नवं भोक नाही, टपावर काही नाही, आणि जे बसवू ते हाताने निघालं पाहिजे.

बाबांची अट एकच. डिकी शेवटी, खालचं आधी.

१२ जानेवारी, रविवार

तपासणी. आमची जागा स्टिल्टखाली, दोन खांबांच्या मध्ये, त्यामुळे एका बाजूने गाडीखाली शिरणं म्हणजे कसरत. चाकांना लाकडी उटी, जॅक लावला, मग जॅक स्टँड चॅसिखाली ठेवून वजन त्यावर उतरवलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली बाबा मलाच काय, पकडसुद्धा जाऊ देत नाहीत.

सापडलं ते असं. चॅसिच्या मागच्या आडव्या पट्टीवर गंजाचे पापुद्रे. टोच्याने टोचून पाहिलं, पत्रा आरपार गेला नाही, वरचेच थर सुटतात. चॅसिला पाणी निघून जायला भोकं असतात, त्यातली मागची सगळी लाल मातीने गच्च. ही माती आत ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते, बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. शाफ्टचे क्रॉस (गिअरकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे फिरते सांधे) कोरडे. मागच्या एक्सलच्या ब्रीदरवर, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायच्या छोट्या तोंडावर, मातीचा गोळा. मागचा दरवाजा स्टेपनीच्या वजनाने खाली आलाय, बंद करताना उचलून ढकलावा लागतो.

या गंजाचं खापर मी गाडीवर फोडणार नाही. मुलुंड पूर्वेला खाडीचा वारा बारा महिने, आणि त्यावर आमची दाभोळ-धोपावे फेरीची हौस. फेरीच्या डेकवर खारं पाणी असतं, चाकांनी ते वर उडतं, आणि घरी आल्यावर आपण धुतो ते बोनेट.

निष्कर्ष बाबांच्या शब्दांत: "हाड शाबूत आहे. कातडीचं बघावं लागेल."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून गंजावर बसलो. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच करायचं. हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. मार्चनंतर मुंबईची दमट हवा सुरू झाली की घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबडं.

आधी भोकं मोकळी केली. जुन्या क्लच केबलचा तुकडा आत सारून फिरवला, मग पाणी सोडलं. सुरुवातीला काहीच नाही, मग एकदम चहाच्या रंगाचं पाणी, आणि शेवटी चांगली ओंजळभर वाळू. गुहागरची असावी. दोन दिवस पंखा लावून आतलं सुकू दिलं होतं, म्हणून आज पुढचं करता आलं.

तारेच्या ब्रशने पापुद्रे काढले, ड्रिलवर कपब्रश लावून उरलेलं. गॉगल आणि मास्क सक्तीचे. तोंड वर करून काम असतं आणि सगळा चुरा डोळ्यांत येऊ पाहतो. नंतर फॉस्फोरिक आम्लाचं गंज बदलणारं द्रावण ब्रशने. लोहाच्या ऑक्साइडचं ते फॉस्फेट करतं, तांबडा भाग काळपट होतो, आणि त्यावर रंग धरतो. पण हे फक्त पत्र्याला चिकटलेल्या पातळ गंजावर चालतं. सुट्या पापुद्र्यावर लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज निवांत चालू राहतो.

त्यावर झिंकचा प्रायमर, मग रंग. चॅसिच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा स्प्रे. हे मेण वाळून कडक होत नाही, फटीत हळूहळू सरकत राहतं.

गॅरेजमध्ये मिळणाऱ्या काळ्या डांबरी अंडरकोटिंगबद्दल माझं मत वाईट आहे. नव्या, कोरड्या पत्र्यावर ठीक. जुन्या गाडीला, गंजावर, ओलीवर मारलं की आतली ओल कायमची आत. वरून गाडी नवीकोरी दिसते, म्हणून विकणारे लोक ते हमखास मारतात.

२ फेब्रुवारी

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी ड्रिलच्या आवाजाबद्दल विचारलं. ठरलं: दुपारी दोन ते चार काम बंद, पार्किंगमध्ये ऑइलचा डाग पडला तर आम्हीच पुसायचा. दोन्ही म्हणणी रास्त. जुनं फ्लेक्स अंथरून ठेवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

गिअर ऑइल. पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (एक्सलवरचा, दोन चाकांना जोर वाटणारा गिअर), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा). चौघांना एकच तेल नसतं, मॅन्युअल उघडून बघायचं आणि डब्यावर मार्करने नाव लिहायचं.

आधी तेल भरायचा फिलर प्लग सोडवायचा, मग तेल काढायचा ड्रेन प्लग. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लगच गंजून बसला असेल तर गाडी जागची हलत नाही. आमचा मागचा फिलर प्लग बसलेलाच होता. गंज सैल करणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी लांब दांड्याच्या पान्याने सुटला. तेल काढण्याआधी गाडी ऐरोली पुलापर्यंत फिरवून आणली. कोमट तेल पटकन उतरतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट होती, बोटावर मऊ. तेवढी चालते, गिअरचे दात घासतातच. कपची किंवा टोकदार तुकडा मिळाला असता तर डिफरन्शियल उघडायला लागला असता. मागचं तेल मात्र दुधाळ निघालं. पाणी.

ते कुठून आलं याची बाबांनी सरळ उकल केली. परशुराम घाट चढून-उतरून एक्सल तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तसेच वाडीच्या पऱ्यात उतरतो. गार पाणी लागलं की हवा आकसते आणि आत पोकळी होते. ब्रीदर मोकळा असेल तर तिथून हवा आत येते. तो मातीने बुजला असेल, किंवा पाण्याखाली असेल, तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. सील खराब असायलाच हवं असं नाही.

उपाय स्वस्त. ब्रीदरची टोपी काढून तिथे नळीचं कनेक्शन, आणि तेल सहन करणारी रबरी नळी चॅसिबरोबर वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत, तोंड खाली वळवून, टोकाला छोटा फिल्टर. पुढच्या एक्सलची नळी इंजिनच्या भिंतीपर्यंत. नळीत कुठे खोलगट झोळ राहता कामा नये, तिथे पाणी साचून पुन्हा तेच. एक्सल वरखाली होतो त्याला पुरेल एवढी ढील सोडून टाय मारले.

याच बैठकीत क्रॉसना आणि शाफ्टच्या सरकत्या जोडाला ग्रीस. जुनं काळं बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत गन दाबायची, चारही टोकांतून. एका टोकातून येत नसेल तर तो क्रॉस बदलायच्या यादीत.

जुनं तेल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात दिलं. तिथून ते परवानाधारक रिसायकलरकडे जातं. गटारात ओतायचं नाही हे लिहायला लागू नये, पण आमच्याच गल्लीत पाहिलंय.

२३ फेब्रुवारी

ब्रेक फ्लुइड बदललं. ते हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईत हवेत दुसरं असतं काय. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, ओल खाल्ल्यावर हीच मर्यादा १५५ वर धरतात. घाट उतरताना फ्लुइडची वाफ झाली की पेडल नुसतंच खाली जातं.

चाकांचा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी. लेक पेडलवर. "दाब... धरून ठेव... सोड." दहावीच्या अभ्यासातून सुटका म्हणून आनंदाने बसली होती. काढलेलं फ्लुइड कडक कॉफीच्या रंगाचं.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, बॅटरीची टोकं: झालं, लिहिण्यासारखं काही नाही.

२ मार्च, रविवार

मागचा दरवाजा. २३५/७० आर १६ चं चाक रिमसकट तीस किलोच्या आसपास, आणि ते पंधरा वर्षं बिजागरीवर लोंबकळतंय.

स्टेपनी उतरवली. दरवाजा उघडून खाली लाकडी ठोकळा आणि जॅक, नुसता आधारापुरता. बिजागरीच्या पिना झिजून अंडाकृती झालेल्या. नव्या पिना आणि पितळी बुश लेथवाल्याकडून करून घेतले, जुन्या पिना नमुना म्हणून दिल्या. बसवल्यावर दरवाजा उचलावा लागत नाही. मग कुलपाचा खिळा किंचित सैल करून, दरवाजा हळू लावून, तो आपोआप मध्यावर आल्यावर घट्ट केला.

बीडिंगची, म्हणजे दरवाजाभोवतीच्या रबरी पट्टीची, परीक्षा खडूने. रबराच्या ओठावर खडू फिरवायचा, दरवाजा लावायचा, उघडायचा. पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटते तिथे फट. आमची खालच्या कोपऱ्यात तुटली. नवं बीडिंग मागवलं.

स्टेपनीच्या कडेवर तारखेचे चार आकडे २७१४, म्हणजे २०१४ सालचा सत्ताविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण कडेला उन्हाने बारीक भेगा. न वापरलेला टायर आणि चांगला टायर यांत फरक आहे. नवा घेतला.

१५ मार्च, शनिवार

खरेदी. सकाळी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. बोल्ट, वायसर, नायलॉक नट, रबरी पाय, पियानो बिजागरी, सगळं एका गल्लीत, पण विचारताना माप नेमकं सांगायचं, नाहीतर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पकडून ठेवणाऱ्या जागांसाठी ८.८ ग्रेडचे झिंक केलेले बोल्ट, डोक्यावर आकडा कोरलेला बघून. स्टेनलेस दिसायला छान आणि गंजत नाही, पण बाजारात सर्रास मिळतं ते ताकदीला ८.८ पेक्षा कमी. ते फळीच्या कडेला, जिथे ताण नाही तिथे वापरू.

लोहार चाळीतून वायर आणि फ्यूज. तिथून रे रोड. दारूखान्यात जहाजांवरून निघालेलं सामान मिळतं. साखळ्या, शॅकल (साखळी-दोर जोडायच्या लोखंडी कड्या), दोर. शॅकल पाहिले, कोरलेला भार पुसट झालेला होता, घेतले नाहीत. किती भाराचा आहे हे माहीत नसलेला शॅकल म्हणजे वजनदार लोखंड, बस. लाकूडबाजारातून आयएस ७१० शिक्क्याचा बारा एमएम मरीन प्लाय.

अठरा एमएम घ्या, असा दुकानदाराचा आग्रह. आठ बाय चारचं बारा एमएमचं पान साधारण पंचवीस किलो भरतं, अठराचं सदतीसच्या पुढे. चौकट नीट असेल तर बारा पुरतो.

३० मार्च

पाडवा. गाडीला हार, काम नाही.

६ एप्रिल, रविवार

ड्रॉवर की फळी, हा वाद घरात महिनाभर चालू होता. नवऱ्याला सरकते ड्रॉवर हवे होते. दिसतात देखणे, खरं आहे. पण दोन ड्रॉवर, त्यांचे जाड रनर, भोवतीचा खोका, हे सहज पन्नास किलोच्या पुढे जातं, म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसवल्यासारखं. जांभ्याच्या बारीक धुळीत रनर घासतात, खडखडतात. आणि आंब्याची पेटी ड्रॉवरमध्ये मावत नाही. फळी ठरली.

चौकट पंचवीस एमएम अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची, खिडक्या बनवणाऱ्याकडून कापून आणलेली. कोपरे वेल्ड न करता आतून एल घालून बोल्ट. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट थेट टेकू दिला नाही, मध्ये नायलॉनची वायसर. खाऱ्या हवेत दोन धातू चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड होते.

घडी घालून उभ्या केलेल्या दोन सीटच्या मधल्या रुंदीत फळी बसते, सीटना हात लावलेला नाही. उंची सतरा सेंटिमीटर, कारण आमचा जॅक आडवा तेवढ्यात मावतो. मधल्या सीटच्या पाठीमागे फूटभर मोकळी जागा सोडली. तिथे व्हीलचेअर घडी करून उभी राहते, पट्ट्याने बांधलेली. सासूबाईंची खुर्ची काढायला आता आधी सगळं सामान फुटपाथवर मांडावं लागणार नाही. बाजूच्या दारातून, मधली सीट वाकवून, थेट हाताला येते.

१३ एप्रिल, रविवार

फळी दोन तुकड्यांत: पुढचा स्थिर, मागचा पियानो बिजागरीवर वर उघडणारा. प्लायच्या कडा हे त्याचं मर्मस्थान. कडेने पाणी पितो, फुगतो, थर सुटतात. म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात, प्रत्येक स्क्रूच्या भोकातही काडीने थोडं. वर रेघांचा रबरी मॅट, चिकटवलेला नाही, उचलून धुता येतो.

पकड: मधल्या सीटच्या मागच्या पायांचे आणि घडीच्या सीटच्या पायांचे जे कारखान्याचे बोल्ट आहेत, त्यांच्याखाली जाड पत्र्याचे ब्रॅकेट. बोल्ट तेवढ्याच जाडीचे, ब्रॅकेटच्या जाडीएवढे लांब, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावायचा नाही, तिथे दुसरं काहीही अडकवायचं नाही. ब्रॅकेटवर फळीची चौकट विंग नटांनी. चार नट हाताने काढले की फळी उचलून बाहेर, गाडी पुन्हा आरसीवरची सात सीटर.

सामान बांधायच्या कड्या चौकटीला लावल्या, प्लायला नाही. हिशोब असा: मालवाहतुकीच्या युरोपीय नियमात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला ०.५ पट ओढ धरतात. वीस किलोची पेटी जोरात ब्रेक लागल्यावर सोळा किलोने पुढे ओढते. हे नुसतं ब्रेकचं झालं, टक्कर नव्हे. टकरीत हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो, आणि पुढे मुलांची डोकी. म्हणून मधल्या सीटच्या पाठीशी जाळी, आणि जड ते खाली व पुढे. जॅक, टूलरोल, ओढायचा पट्टा फळीखाली, मागच्या एक्सलच्या शक्य तितकं पुढे. वर फक्त हलकं किंवा बांधलेलं.

सगळं मिळून चौकट, फळी, मॅट: वजनकाट्यावर सतरा किलो.

२० एप्रिल

डिकीत बारा व्होल्टचं सॉकेट आणि दिवा. बॅटरीजवळ, हातभर अंतराच्या आत फ्यूज. पुढे वायर कुठेही घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी फ्यूज जावा. चार एमएम वर्गाची बारीक तारांची वायर. टायर भरायचा पंप दहा अँपिअर घेतो, पाच मीटरवर व्होल्टेजची घट पाव व्होल्टच्या आत राहते. घरगुती एकतारी वायर गाडीत नको, थरथरून तुटते. त्याच कारणाने जोड क्रिंप केलेले, डाग दिलेले नाहीत. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, जुन्याच भोकातून.

धाकट्याने दिव्याचा खटका सत्तर वेळा चालू-बंद करून पाहिला. टिकला.

४ मे, रविवार, वाडीवर

१ मेची सुट्टी धरून आलो. येताना व्हीलचेअर, पाण्याचे कॅन, पुस्तकं. कशेडीच्या बोगद्यापलीकडे खडखड सुरू झाली ती टूलरोलमधल्या गोटी पान्यांची (सॉकेटची). सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये खोवले, गप्प.

डांबर संपलं तिथे खटका फोर हायवर, म्हणजे चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या गिअरमध्ये. आमची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर ती लावत नाही. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो पीळ ट्रान्सफर केसवर येतो. सुट्या जांभ्यावर चाक घसरून पीळ सोडतं. पण महिन्यातून एकदा ती चालवायलाच हवी, नाहीतर गरजेच्या दिवशी ती लावणारी मोटर अडून बसते. टायरची हवा वीस पीएसआयवर आणली, चढावर फरक ढळढळीत. परतताना डांबर लागताच नव्या सॉकेटवरून भरणार.

आज बागेतून पेट्या खाली आणल्या. लाकडी पेट्यांना रॅचेटचा पट्टा चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांना नाही. पट्टा आवळला की कडा दबते, आणि दबलेल्या कडेचा आंबा मुंबईला डाग घेऊन पोहोचतो. चुलत दीर बाग सांभाळतात, त्यांनी एका वाक्यात सोडवलं: "वहिनी, बांधू नका, अडवा." कळकाची (बांबूची) काठी फळीच्या दोन कड्यांत आडवी घातली, खोकी तिच्यापर्यंत खेटून लावली, वर नुसती जाळी. मुंबईत गेल्यावर कळकाच्या जागी पाइप करीन. आडवा पाइप तीन ठिकाणी बसेल अशा कड्या हव्यात.

आणखी एक: आंबा गरम होतो, श्वास घेतो. बंद जागेत कोंडला की उष्णतेने आतून खराब. म्हणून पेट्या फळीवरच, फळीखाली कधीच नाही, आणि खालच्या पेट्यांमध्ये बोटभर फट.

११ मे

उरलेलं: आडव्या पाइपच्या कड्या बसवल्या. झाकणाला गॅसची दांडी लावली, डोक्यावर पडत होतं. मागच्या डिफरन्शियलचं थोडं तेल काढून पाहिलं, स्वच्छ, दुधाळ नाही. पऱ्यात मेमध्ये पाणी घोट्याएवढंच होतं, खरी परीक्षा गणपतीत.

बीडिंग अजून आलेलं नाही. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून, वेळ आहे.

२६ मे, सोमवार

वेळ नव्हता. आज मॉन्सून मुंबईत दाखल, सरासरीपेक्षा सोळा दिवस आधी. नवऱ्याने सकाळी गाडी बाहेर काढली होती, दिवसभर उघड्यावर. कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडल्याचं रात्रीच्या बातम्यांत.

डिकी उघडली. खडूने दाखवला त्याच कोपऱ्यातून पाणी आत, मॅटवर, तिथून खाली. प्लायच्या कडा कोरड्या, इपॉक्सीने काम केलं. जुन्या गालिच्याखालचा पत्रा मात्र ओला. फळी काढली, चार नट, गालिचा बाहेर, पंखा. फळी पक्की ठोकलेली असती तर ही ओल दिवाळीपर्यंत कुणाला दिसली नसती.

१ जून, रविवार

बीडिंग आलं, बसवलं. खडूची रेघ अखंड. बादलीने पाणी मारून पाहिलं, आतून लेक टॉर्च घेऊन. थेंब नाही. डिकीच्या पत्र्याचे रबरी बूच काढून, पुसून, सिलिकॉन न लावता पुन्हा घातले. सिलिकॉन लावलं तर कधी पाणी आत आलंच तर बाहेर जायला वाट नाही.

८ जून, रविवार

ट्रकच्या काट्यावर नेली. पूर्ण कुटुंब, भरलेली टाकी, गावाला जाताना असतं तेवढं सामान. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेच्या आत, पण मला वाटलं होतं तेवढं मोकळं अंतर नाही. आंब्याच्या पेट्या धरल्या तर पाण्याचे दोन कॅन घरी ठेवावे लागतील. ड्रॉवर असते तर पेट्याच घरी. नवऱ्याने पावती पाहिली, काही बोलला नाही. विकण्याचा विषयही काढला नाही.

ही तीन वजनं प्रत्येक गाडीवाल्याने एकदा करून बघावीत. बाजारात हजारोंचे सस्पेंशन किट घेणारे लोक आहेत, ज्यांना मागच्या एक्सलवर किती भार आहे हे माहीत नाही.

२२ जून, रविवार

पुनर्नोंदणीचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे आता. फॉर्म २५ भरला. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. मंजुरी मिळाली की पुढची पाच वर्षं. नव्या नंबर प्लेट बसल्या, पीयूसी केली, विमा चालू आहे.

तपासणीला जाताना फळी घरी, सीट खाली पाडून, जाळी काढून. पुढच्या दिव्यांचा झोत भिंतीवर रेघ मारून समान केला. हॉर्न, वायपर, मागचे दिवे पाहिले. टायरच्या नक्षीची कायद्याची किमान खोली १.६ एमएम, आमची चारही चाकांना भरपूर वर.

बाकी: मागच्या उजव्या चाकातून हळू वेगात घासल्याचा आवाज येतोय. ब्रेकचा ड्रम उघडून आतले लाइनर (घासणाऱ्या पट्ट्या) बघायचे. बाबा म्हणतात पावसाची ओल असेल, मी म्हणते लाइनर. पुढच्या रविवारी ड्रम काढणार. सेक्रेटरी काकांना आधीच सांगून ठेवलंय, कारण तो ड्रम हातोडीशिवाय निघत नाही.